सबवूफरची वायर एकच, बाकी सगळा खेळ सेटिंगचा

होम थिएटरमधला सबवूफर (‘सब’), म्हणजे खालचे जाड आवाज (बास) वाजवणारा डबा, जोडायला दोन मिनिटं लागतात. सबचा आणि रिसिव्हरचा (सगळे स्पीकर चालवणारा डबा) प्लग काढा, रिसिव्हरच्या मागे ‘सबवूफर प्री-आऊट’ लिहिलेलं आरसीए सॉकेट शोधा आणि तिथून एक केबल सबच्या ‘एलएफई’ (सिनेमातल्या खोल आवाजांचा वेगळा ट्रॅक) इनपुटला न्या. एलएफई लिहिलेलं नसेल तर डाव्या लाइन-इनला लावा. केबल शिल्डवाली हवी, लांबी जागेवर मोजूनच घ्या. जुन्या डीव्हीडी प्लेअरची पिवळी व्हिडिओ केबल चांगल्या जाडीची असेल तर तीही चालते. ती ७५ ओमची कोअ‍ॅक्सच असते. दुकानदार महागडी ‘स्पेशल सबवूफर केबल’ पुढे करेल, ते पैसे वाचवा. फक्त ही केबल मेनच्या वायरीसोबत बांधून नेऊ नका.

त्याआधी सबच्या मागे मेनची वायर आहे ना, ते बघा. एकाच खोक्यात मिळणाऱ्या जुन्या होम थिएटर सेटमधल्या सबला बऱ्याचदा नुसत्या लाल-काळ्या क्लिपा असतात. तो पॅसिव्ह, म्हणजे स्वतःची ताकद नसलेला. प्री-आऊटमधून त्याला हलवण्याइतकी ताकद येत नाही, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. फ्रंट स्पीकरच्याच टर्मिनलला तो जोडला तर रिसिव्हरवरचे ओम (रोध) खाली येतात आणि आवाज वाढवला की रिसिव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो.

आता सबवरची बटणं. क्रॉसओव्हरचं (किती हर्ट्झखालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारं) बटण ‘एलएफई’वर किंवा पूर्ण शेवटाला फिरवा आणि विसरून जा. बास कुठे कापायचा हे रिसिव्हरला ठरवू द्या. दोन्हीकडे ८० हर्ट्झ ठेवलं तर एकाच जागी दोन फिल्टर लागतात आणि नेमका ८० च्या आसपासचा भाग पातळ होतो. ढोलाचा ठोका ऐकू येतो, पण त्याला वजन राहत नाही.

‘सिनेमात सब वाजतो, गाण्यांना वाजतच नाही’ ही तक्रार सगळ्यात जास्त. कारण रिसिव्हरच्या मेनूत असतं. फ्रंट स्पीकर ‘लार्ज’ ठेवले की त्यांचा बास त्यांच्याकडेच राहतो, सबला फक्त सिनेमातला एलएफई ट्रॅक मिळतो. मोबाइलवरून लावलेल्या स्टिरिओ गाण्यात तो ट्रॅकच नसतो. म्हणून स्पीकर ‘स्मॉल’ करा, मग ते उंचीने कंबरेएवढे का असेनात. क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. मुठीएवढे छोटे स्पीकर (सॅटेलाइट) असतील तर १२० ते १५०. ‘एलपीएफ फॉर एलएफई’ (एलएफई ट्रॅकची वरची मर्यादा) १२० वर राहू द्या. ‘डायरेक्ट’ मोडमध्ये बऱ्याच रिसिव्हरचं हे बास वाटप बंद पडतं, तेही तपासा.

सबवरचं गेनचं (आवाजाचं) बटण निम्म्यावर ठेवून रिसिव्हरच्या माइकने ऑटो कॅलिब्रेशन (आपोआप जुळवणी) चालवा. रिसिव्हरने सबची लेव्हल उणे १२ डेसिबल दाखवली तर समजा त्याची हद्द संपली. गेन कमी करून परत चालवा. उणे ३ ते उणे ६ च्या आसपास आलं की ठीक. सबचं अंतर टेपने मोजल्यापेक्षा जास्त दिसेल. ते चुकीचं नाही, सबच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो; तो आकडा बदलू नका. रात्री कमी आवाजात सब झोपत असेल तर ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ करा.

सब खोलीत कुठे ठेवता यानेही मात्र खरंच फरक पडतो. १२ फुटी खोलीत साधारण ४७ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये घुमतो: एका कोपऱ्यात ढणढणाट, मधोमध काहीच नाही. साताऱ्यातल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती हा बास बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे घुमणं जास्तच जाणवतं. उपाय जरा हास्यास्पद दिसतो पण चालतो: सब सोफ्यावर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बासची धून लावा आणि भिंतीकडेने रांगत जा. जिथे प्रत्येक सूर सारखा ऐकू येतो तिथे सब ठेवा. मग फेजचं (सबची ध्वनिलहर उलटवणारं) बटण ० आणि १८० वर करून बघा, सोफ्यावर जिथे बास भरीव वाटेल ते राखा. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीसारखी छाती हादरवायची असेल तर कोपरा उत्तम, पण मग संवाद कळत नाहीत अशी तक्रार नको.

सतत ‘हूं’ येत असेल तर आधी सबमधली आरसीए केबल उपटा. तरीही आला तर सबच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्येच बिघाड. थांबला तर ग्राउंड लूप, म्हणजे उपकरणांच्या ग्राउंडमधून केबलद्वारे फिरणारा करंट. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर आणा, मग सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची कोअ‍ॅक्स काढून बघा. बऱ्याचदा तीच सापडते, एचडीएमआयमार्फत तिचं ग्राउंड रिसिव्हरपर्यंत पोचतं. तिथे कोअ‍ॅक्सचा आयसोलेटर लावा. थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापून ‘हूं’ घालवायचा सल्ला कुणी देईल; तो ऐकू नका, सबमध्ये बिघाड झाला तर मागची धातूची पट्टी जिवंत होईल. साताऱ्यात डोंगरउताराच्या खडकाळ जमिनीत अर्थिंग उन्हाळ्यात सुकतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंग तपासून घ्या; सुकलं असेल तर खड्ड्यात मीठ-कोळसा आणि पाणी घालायची वेळ झाली. आणि वळवाच्या गडगडाटात नुसता प्लग काढून भागत नाही, ती कोअ‍ॅक्सही काढायची. वीज तिच्यातूनही आत येते.