आमची वाटचाल : घर दाखवण्यापासून गावात रुजण्यापर्यंत

शहर सोडून गावात राहायला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना योग्य घर शोधून द्यावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा व्यवसाय सुरू केला. गावाकडे केवळ निवृत्त माणसेच वळतील, हा आमचा पहिला समज होता आणि तो लवकरच खोटा ठरला. आमच्याकडे येणाऱ्यांत लहान मुले असलेली, पस्तिशी-चाळिशीतील जोडपीच अधिक होती. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे बेन विंचेस्टर यांनी तेथील ग्रामीण भागाबद्दल हेच दाखवले आहे, हे आम्हाला नंतर वाचनात आले : शालेय शिक्षण संपल्यावर तरुण गाव सोडतात हे खरे असले, तरी ३० ते ४९ या वयोगटातील, शिकलेली माणसे अनेक ग्रामीण भागांत नव्याने येतात. ती येतात ती निवांत जगण्यासाठी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी आणि परवडणाऱ्या घरासाठी. नोकरीचे कारण बहुधा त्यानंतरचे असते.

पहिली दोन वर्षे किल्ली हाती दिली की आमचे काम संपत असे. मग आमच्याच एका ग्राहक कुटुंबाने दीड वर्षात घर विकायला काढले. घर उत्तम होते, इंटरनेट चांगले चालत होते, शाळा आणि दवाखाना जवळ होता. कारण विचारले तेव्हा त्या बाई म्हणाल्या, "इतक्या दिवसांत आमच्याकडे कोणी काही मागायलासुद्धा आले नाही." शेजाऱ्यांशी बोललो, तर त्यांना वाटत होते की ही माणसे शांततेसाठी आली आहेत, त्यांना त्रास कशाला द्यायचा. दोन्हीकडे सौजन्यच होते आणि त्यामुळेच एक कुटुंब गावाला मुकले. त्या दिवशी मला झालेले दुःख व्यवसायातील तोट्याचे नव्हते. आपण अर्धेच काम करत आलो, याचे होते.

त्यानंतर आम्ही कामाची पद्धत बदलली. घर विकत घेण्याआधी सगळे ऋतू अनुभवता यावेत म्हणून वर्षभर भाड्याने राहण्याचा आग्रह आम्ही धरतो, जरी त्यामुळे आमचे उत्पन्न लांबणीवर पडते. जोडप्यातील एकाचेच काम घरून चालणारे असेल, तर दुसऱ्याचे दिवस कसे जाणार, हा प्रश्न आम्ही पहिल्याच भेटीत विचारतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पहिल्या काही महिन्यांतच गावातील कोणीतरी त्यांच्याकडे एखादे नेमके काम घेऊन जाईल, असे पाहतो : वाचनालयाचा हिशेब, मुलांचा खेळाचा सराव, एखाद्या वृद्धाला दवाखान्यात नेणे. जपानने २००९ मध्ये सुरू केलेली योजना याच वाटेची आहे. शहरातील माणूस एक ते तीन वर्षे ग्रामीण भागात राहून तेथील स्थानिक कामाची जबाबदारी घेतो, आणि मुदत संपल्यावर निम्म्याहून अधिक जण त्याच परिसरात स्थायिक होतात.

गावकऱ्यांची तयारी करणे मात्र अजून आम्हाला पुरेसे जमलेले नाही. वीस वर्षे राहिलेल्या माणसालाही "नवीन आलेले" म्हणण्याची सवय सहज जात नाही, आणि बैठकीत त्याची सूचना "आमच्याकडे असे नसते" एवढ्यावर संपते. म्हणून या वर्षापासून प्रत्येक नव्या कुटुंबामागे एका जुन्या कुटुंबाशीही आम्ही तेवढ्याच भेटी ठरवतो, आणि त्यांतील पहिली भेट घर दाखवण्याच्या आधी असते.