चष्म्याचा तिढा: फ्रंट साइट अखेर काळीकुळकुळीत

मागच्या अपडेटमध्ये रुतलेली गाडी एकदाची निघाली. नंबरचा सेफ्टी चष्मा चढवला की .३२ रिव्हॉल्व्हरची फ्रंट साइट (नेम धरायची पुढची खूण) धूसर दिसते, कडांना निळसर-पिवळी झालर येते, आणि तोच चष्मा दुकानातल्या तक्त्यावर मात्र शेवटची ओळ वाचून दाखवतो, हे कोडं सुटलं. नंबर बरोबर होता, काच पॉलिकार्बोनेटची होती, फ्रेमवर झेड८७-२ चा (नंबरच्या सेफ्टी चष्म्याच्या अमेरिकन मानकाचा) ठसाही होता. नजर काचेच्या ज्या जागेतून जात होती ती जागाच चुकीची होती.

नव्याने परवाना मिळालेल्या मंडळींसाठी आधी थोडं. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र हातात असतं, मझल (नळीचं तोंड) कुठे आणि बोट कुठे हे पाठ असतं, तरी रिव्हॉल्व्हरबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या डोक्यात बसलेली नसते. सिलिंडर (काडतुसं बसतात तो फिरता भाग) आणि बॅरल (नळी) यांच्यामध्ये फट असते, साधारण ०.१० ते ०.२० मिमी. प्रत्येक फैरीला त्या फटीतून गरम वायू, काजळी आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना फेकले जातात. मारणाऱ्याइतकाच धोका शेजारच्या लेनवाल्याला असतो. म्हणून बघ्यांनी सिलिंडरच्या रेषेत उभं राहायचं नाही, मागेच राहायचं, आणि चष्मा त्यांनीही घालायचा.

किती उडतं ते पाहायचं असेल तर रेंज ऑफिसरला विचारून सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना सुमारे ३० सेंमीवर पांढरे कागद उभे करा, हात आणि बोटं फटीच्या मागे ठेवा, आणि एकाच लॉटची सहा काडतुसं मारा. करडा, मऊ पंखा उमटला तर ती काजळी. ते स्वाभाविक आहे. कागदाला बारीक भोकं पडली किंवा शिशाचे चमकणारे कपचे रुतले, तर चेंबर (सिलिंडरमधला काडतुसाचा कप्पा) बॅरलच्या तोंडाशी नीट जुळत नाही आणि गोळी आत शिरताना एका अंगाने सोलली जाते. आमच्या चाचणीत उजवीकडच्या कागदावर तीन कपचे रुतलेले निघाले, डावा कागद नुसता काळवंडलेला. एकाच बाजूला कपचे म्हणजे टायमिंगचा संशय, सिलिंडर फिरून नेमक्या जागी थांबत नसावा. हे काम परवानाधारक आर्मोररचं, म्हणजे हत्यार दुरुस्त करणाऱ्याचं. घरी कानस घेऊन बसणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

आता मूळ तिढा.

दुकानात तक्ता वाचताना मान सरळ असते आणि नजर काचेच्या ऑप्टिकल सेंटरमधून (जिथून किरण न वळता सरळ जातो तिथून) जाते. फायरिंग लाइनवर उजव्या हाताचा माणूस वीव्हर पद्धतीने डावा पाय पुढे टाकून उभा राहतो. धड उजवीकडे वळतं, मान डावीकडे पुरती वळत नाही आणि उरलेलं वळण डोळा भरून काढतो. त्यात हनुवटी खाली गेलेली. परिणाम असा की उजवा डोळा काचेच्या नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो, सेंटरपासून सात-आठ मिमी दूर.

उणे ३.०० नंबरला ८ मिमी सरकलं की २.४ प्रिझम डायॉप्टर पडतात, म्हणजे दिसणारी प्रतिमा तेवढी बाजूला सरकते. नुसत्या प्रिझमने नेम बिघडत नाही, कारण फ्रंट साइट, रिअर साइट आणि टार्गेट तिन्ही सारखेच सरकतात. पण पॉलिकार्बोनेटचा ॲबे आकडा (जितका कमी तितके रंग जास्त फाकतात) ३० च्या आसपास, म्हणजे रंग फाकण्यात ती काच सगळ्यांत वाईट. निळसर झालर तिथून येते. ट्रायव्हेक्स या दुसऱ्या प्लास्टिक काचेचा आकडा ४४ च्या घरात आहे, झालर बरीच कमी होते, आणि आघात सोसण्यात तीही कमी नाही. सीआर-३९ या साध्या प्लास्टिक काचेचा ५८, दिसायला सगळ्यांत स्वच्छ, पण आघाताला ती तडकते. रेंजवर तिचं काम नाही.

धूसरपणाचं कारण वेगळं. सेफ्टी फ्रेम चेहऱ्याभोवती वळलेली असते, त्यामुळे काच मुळातच कानाकडे तिरकी बसते. त्यात नजर नाकाकडे गेली की दोन्ही कोन एकमेकांत मिळतात. उणे ३.०० ची काच नजरेला २० अंशांनी तिरकी पडली तर सुमारे ०.४० डायॉप्टरचा सिलिंडर नंबर (चष्म्यातला तिरकस नंबर, रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर नव्हे) फुकटात पदरात पडतो. १० अंशांवर तोच ०.०९ इतका, म्हणजे नगण्य. कोन दुप्पट झाला की त्रास चौपटीहून जास्त, गोम इथेच आहे. एका हाताने मारणाऱ्यांचं धड उलटीकडे वळतं, उजवा डोळा कानाकडून बघतो आणि फ्रेमचं वळण उलट थोडं मदतीला येतं. मॅच पिस्तूलवाले याच फ्रेमबद्दल तक्रार का करत नाहीत, हेही त्यातून कळलं.

जागा मोजायची कशी? समोर उभं राहून बाहुली कुठे येते ते बघणं सोपं, पण मझलसमोर माणूस उभा करायचा नाही, रिव्हॉल्व्हर रिकामं असलं तरी नाही. चष्म्याच्या दुकानात हत्यार नेण्याचा तर विचारही नको. उपाय साधा: लाकडी फूटपट्टीच्या टोकाला काळ्या टेपचा ३ मिमी रुंद उभा तुकडा लावायचा आणि ती दोन्ही हातांत स्टान्समध्ये (नेम धरून उभं राहायच्या पवित्र्यात) धरायची. डोळ्यापासून टेपपर्यंतचं अंतर रिव्हॉल्व्हरच्या फ्रंट साइटइतकं ठेवायचं. दोन हातांच्या पकडीत ते साधारण ७५ सेंमी भरतं. मग दुसऱ्याने पट्टीच्या रेषेत मोबाइल धरून फोटो काढायचा. पट्टी आहे, हत्यार नाही, त्यामुळे समोर उभं राहायला हरकत नाही. फोटोत बाहुली जिथे दिसते तिथे काचेवर मार्करचा ठिपका द्यायचा आणि फ्रेमच्या आतल्या कडेपासून आडवं व उभं अंतर मिमीत लिहून घ्यायचं. चष्मेवाल्याला द्यायचे आकडे हेच.

दुसरी खात्री बिनखर्चाची आहे. कागदाला २ मिमीचं भोक पाडून तो काचेवर फिरवायचा. भोकातून टेपची कड कुठेही कोरीव दिसते, कारण छिद्रच फोकसची खोली वाढवतं. तेव्हा स्पष्टपणावर जाऊ नका. पट्टी भोकाच्या मध्यात कुठे येते तेवढंच बघा. ती जागा आणि फोटोतला ठिपका जुळले पाहिजेत.

ऑर्डर देताना चार गोष्टी लिहून द्या, तोंडी सांगितलेलं काउंटरच्या मागे पोहोचत नाही. फ्रेम झेड८७-२ ठशाची, शक्य तितकी सपाट. काच ट्रायव्हेक्स, मध्यभागी किमान २.० मिमी जाड. हा आकडा महत्त्वाचा, कारण उणे नंबरची रोजची काच मध्यावर याहून बरीच पातळ घासतात, आणि ‘पॉलिकार्बोनेट आहे साहेब, फुटत नाही’ हे उत्तर सगळीकडे तयार असतं. काच न फुटता साध्या फ्रेममधून मागे निखळून डोळ्यावर आली तर काय उपयोग? तिसरं, ऑप्टिकल सेंटर आपल्या ठिपक्यावर. चौथं, नेमाच्या डोळ्याचा नंबर. ७५ सेंमीला पूर्ण फोकस करायला १.३३ डायॉप्टर लागतात. त्याच्या निम्मे, ०.६७, म्हणून अधिक ०.७५. उणे ३.०० ची ती काच उणे २.२५ ची होते. फ्रंट साइट टोकदार, टार्गेट जरा मऊ, आणि तसंच हवं असतं. एका हाताने, ९० सेंमीवर, अधिक ०.५० पुरतो. पंचविशीतल्या डोळ्यांना या भरीची सहसा गरज नसते. चाळिशीनंतर ती चैन राहत नाही. या चष्म्याच्या डबीवर मोठ्या अक्षरांत ‘गाडीसाठी नाही’ लिहून ठेवा.

मधला एक प्रयोग बाद झाला. बिननंबरची झेड८७ प्लस (जोरदार आघाताच्या चाचणीतून गेलेली) शील्ड आणि तिच्या आत नंबरच्या काचांचं इन्सर्ट. कागदावर झकास दिसतं: बाहेरची काच ओरखडली तर तेवढीच बदलायची. प्रत्यक्षात जुलैच्या दमट हवेत दोन काचांमधली वाफ बाहेर पडेना, आणि मागच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब नेमकं रिअर साइटच्या खाचेवर येऊन बसलं. अँटिफॉग लेप असलेली काच नुसत्या पाण्याने विसळून टिपायची, घासायची नाही. लेप नसेल तर भांड्यांच्या साबणाचा पातळ थर देऊन मऊ कपड्याने पुसायचा. एसी गाडीतून उतरून थेट लाइनवर न जाता दहा मिनिटं चष्मा बाहेरच्या हवेत राहू द्या. इन्सर्ट आता दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

आणि हे लिहिता लिहिताच बेत फिरला. काच स्टान्सप्रमाणे सरकवण्यापेक्षा स्टान्सच काचेप्रमाणे केला तर? आयसोसेलीसमध्ये दोन्ही पाय आणि खांदे टार्गेटला समांतर, चेहरा समोर, आणि डोकं खाली न घालता रिव्हॉल्व्हर डोळ्यापर्यंत वर. फूटपट्टी धरून तसा फोटो काढला तर ठिपका सेंटरपासून जेमतेम २ मिमीवर आला. जुन्याच चष्म्यातून टेपची कड स्वच्छ दिसली, झालर गेली. दुसरा फायदा: समोरून उसळून येणारा कपचा काचेच्या मध्यावर येतो, कडेच्या फटीकडे नाही. म्हणून नव्या काचेची ऑर्डर तूर्त थांबवली आहे. आधी आयसोसेलीसमध्ये ड्राय फायर (काडतुसाविना सराव), मग १५ मीटरवर कागद. वीव्हर सोडवत नाही त्यांनी मात्र वरचे आकडे घेऊन दुकान गाठावं.

दुसरा डोळा मिटू नका, मिटला की नेमाच्या डोळ्याभोवतीचे स्नायूही आखडतात. त्या काचेवर अर्धपारदर्शक टेप लावा, रुंदी ३० मिमीच्या आत. मॅचच्या नियमातही तेवढीच चालते.

किरकोळ पण उपयोगी. इअरमफखाली चष्म्याची काडी जाड असेल तर गादी उचलली जाते आणि आवाज आत शिरतो. काडी चपटी घ्या, आत इअरप्लगही घाला. पिस्तूलवाल्या शेजाऱ्याची गरम पुंगळी भुवई आणि चष्मा यांच्यामध्ये अडकते, म्हणून पुढे छज्जा असलेली टोपी घाला आणि गळ्याचं बटण लावा. बॅरल साफ करायचं सॉल्व्हंट, ॲसिटोन, थिनर यांतलं काहीही पॉलिकार्बोनेटला लागू देऊ नका. कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या की ती काच बाद. झेड८७ प्लसची चाचणी ६.३५ मिमीच्या पोलादी गोळीवर, सेकंदाला सुमारे ४६ मीटर वेगाने होते. ती गोळी जेमतेम एक ग्रॅमची. .३२ ची गोळी सहापट जड आणि चौपटीहून वेगवान, तेव्हा चष्मा कपच्यांसाठी आहे, थेट गोळीसाठी नाही.

काडतूस फुटलं नाही तर मझल टार्गेटकडे धरून निदान ३० सेकंद थांबा आणि हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. रिव्हॉल्व्हरमध्ये लगेच पुन्हा ट्रिगर ओढला तर उशिरा पेटणारं काडतूस बॅरलसमोरून सरकतं आणि आडोसा नसलेल्या चेंबरमध्ये फुटतं. आवाज ‘फुस्स’ आला आणि धक्का बसला नाही, तर पुढची फैर मारायचीच नाही. गोळी बॅरलमध्ये किंवा फटीतच अडकलेली असू शकते.

टॉप-ब्रेकवाल्यांनी (ज्यांचं रिव्हॉल्व्हर वरून मोडून उघडतं त्यांनी) रिकामं करताना झटक्यात पूर्ण उघडायचं. अर्धवट, हळू उघडलं की एखाद्या पुंगळीची कड एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या बाहेर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली जाऊन बसते आणि मग ना ते बंद होतं ना पुंगळी निघते.

आर्मोररकडून सिलिंडरचं निदान आलं की कागदाची चाचणी त्याच लॉटच्या काडतुसांवर पुन्हा. त्या लॉटची सहा काडतुसं बाजूला काढून ठेवली आहेत.