चिलापीचा मातकट वास: अखेर काहीतरी हाताला लागलं

मंडळी, वास गेला. अगदी शंभर टक्के नाही, पण चिलापीचं (म्हणजे तिलापिया माशाचं) नाव काढलं की खिडक्या उघडणारी आमची आई परवा दुसऱ्यांदा रस्सा वाढून घेत होती, म्हणजे गेलाच म्हणा.

समुद्राचा सोडून उजनी धरणाचाच मासा का, ते परत उगाळत नाही. एवढंच सांगतो की 1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते, तेव्हा सोलापुरात 'आजच आलीय' म्हणून जी सुरमई दाखवतात ती कुठून आणि कधी निघालेली असते ते विचारा, उत्तर ऐकण्यासारखं असतं. चिलापीचं तसं काही नाही. 1952 ला बाहेरून देशात आणलेली जात, वर्षातून अनेकदा वीण, मादी अंडी-पिल्लं तोंडात धरून सांभाळते, त्यामुळे धरणात तिचंच राज्य. रोहू-कटला साठलेल्या पाण्यात वीत नाहीत, त्यांचं बीज सोडावं लागतं. म्हणून चिलापी बिनधास्त खा, फक्त तळहातापेक्षा मोठी घ्या, बारीक जाळीतली चिल्लर नको.

आता मूळ दुखणं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरतं, हिरवं होतं, आणि मासा चिखलासारखा लागायला लागतो. हा वास जिओस्मिन आणि एमआयबी नावाच्या दोन द्रव्यांचा, निळ्या-हिरव्या शेवाळातून आणि तळाच्या जिवाणूंमधून येणारा. पहिल्या पावसात माती दरवळते ते पण जिओस्मिनच, तिथं आवडतं आणि ताटात आलं की नको होतं. नाक त्याला इतकं हळवं की पाण्याच्या लाख कोटी भागांत पाच-दहा भाग असले तरी कळतं. मासा ते कल्ल्यांतून आत घेतो आणि चरबीत साठवतो, म्हणून बेसन चोळा, हळद-मीठ लावा, दहा पाण्यांनी धुवा, बाहेरचा बुळबुळीतपणा जातो, आतला वास तसाच.

यावेळी मी आधी वास नेमका कुठे बसलाय ते शोधलं. अमेरिकेत कॅटफिशवाले नमुन्याचा तुकडा मीठ-मसाला काही न घालता मायक्रोवेव्हमध्ये शिजवून हुंगतात, तेच केलं. एकाच माशाचे तीन तुकडे तीन झाकणाच्या वाट्यांत: पोटाकडचा, पाठीकडचा, आणि कातडीखाली कुशीत जी लालसर-तपकिरी पट्टी असते ती वेगळी काढून. झाकण उघडल्यावर फरक इतका स्पष्ट होता की काय सांगू, पाठीचा तुकडा जवळजवळ साफ, पोटाचा बऱ्यापैकी वास मारत होता, आणि लाल पट्टीची वाटी तर थेट बाल्कनीत नेऊन ठेवली.

म्हणजे आता कातडी सोलायची, पोटाची पातळ झालर कापून टाकायची आणि ती लाल पट्टी धारदार सुरीने व्ही आकारात काढायची. वजन बरंच जातं, पण चिलापी स्वस्त आहे, परवडतं. ऑनलाइन मागवलेला तो खवले काढायचा स्टीलचा ब्रश आता निवृत्त, तसाही खवले भिंतीपर्यंत उडवायचा. विळी आणि एक पातळ सुरी पुरे.

उरलेला वास आंबटाने मारायचा. जिओस्मिन आंबटात मोडतं हे वाचून लिंबू लावत होतो, पण लिंबू पाच मिनिटांच्या वर ठेवलं की मांस वरून पांढरं पडून भुसभुशीत होतं. तर अशोक चौकात मासे घेताना शेजारी उभ्या असलेल्या एका पद्मशाली (तेलुगू विणकर समाजातल्या) आजी म्हणाल्या, "लिंबाला काय होतंय रे? चिंच कोळून घाल की, घट्ट घाल." सोलापूरच्या पूर्व भागात पिढ्यान्पिढ्या चेपला पुलुसू, म्हणजे चिंचेचा माशाचा रस्सा, करणाऱ्यांना रसायनशास्त्र कोण शिकवणार! जुनी काळी चिंच, कोळ दाट, अर्धा मिठाबरोबर तुकड्यांना लावून ठेवला आणि उरलेला रश्शात. तेलात मेथीदाणे (मोजकेच, जास्त झाले की कडू), कढीपत्ता, कांदा पार लाल, लसूण, तिखट, धनेपूड, मग कोळ घालून तेल सुटेस्तोवर उकळायचं आणि तेव्हाच मासा सोडायचा. पळी लावायची नाही, भांडंच धरून गोल हलवायचं. रात्रभर मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी कडक भाकरी कुस्करून, बास.

खरं तर पुढचा प्लॅन भिगवणला जाऊन वाम (सापासारखा लांब मासा) आणायचा होता. पण हे लिहितानाच डोक्यात आलं, मासळी पाळणारे विक्रीआधी मासे उपाशी ठेवून स्वच्छ पाण्यात सोडतात, वास आपोआप उतरतो. चिलापी चिवट, जिवंत मिळते. अडचण नळाच्या क्लोरीनची, पण आपल्याकडे रोज पाणी येतंय कुठे, टाकीत उघडं साठवून क्लोरीन केव्हाच उडालेलं असतं! तेही उजनीचंच पाणी, फक्त गाळलेलं. तर वाम राहू दे, गच्चीवरचा जुना सिमेंटचा हौद घासायला घेतोय. कुणाकडे एअर पंप पडून असेल तर कळवा, आणि हौदावर जाळी कसली घालू तेही सांगा, चिलापी उडी मारते आणि आमच्या गच्चीवर मांजरांची ये-जा बक्कळ आहे.