फिल्टरचा अ‍ॅडाप्टर

मे महिन्यातली दुपार. शटर निम्मं ओढून डबा उघडला होता, तेवढ्यात आम्हाला शाळेत चित्रकला शिकवणारे सर स्कूटरवरून आले. कापडी पिशवीत कॉर्डलेस ड्रिल.

"बघ रे, सकाळी चार्जिंगला लावलं होतं. आता हात लावू देईना."

पिशवी उघडताच वास आला. गोडसर, नेलपॉलिशसारखा. वीस वर्षं ड्रिल, ट्रिमर असलीच यंत्रं उघडतोय. जळक्या वायरीचा वास वेगळा आणि हा वेगळा. सेलमधलं द्रव बाहेर यायला लागलं होतं. बॅटरीचा पॅक काढून मीटर लावला. लावायला नको होता खरं तर, पण सवयीने हात गेला. २२.६ व्होल्ट.

ड्रिलवर ‘२१ व्होल्ट’ छापलेलं असतं. आत ३.६ व्होल्टचे पाच सेल, म्हणजे खरे १८च. २१ हा पॅक काठोकाठ भरल्यावरचा आकडा, सेलमागे ४.२. मोठा आकडा दिसला की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून तो छापायचा. त्याच्या वर मात्र जायचं नसतं.

"सर, चार्जर कुठला लावलात?"

"मूळचा बिघडला. पाण्याच्या फिल्टरचा जुना पडून होता. पिन बरोब्बर बसली."

पिन बसणारच. पण तो अ‍ॅडाप्टर २४ व्होल्टचा. पॅकमधल्या सर्किटने वेळेवर पुरवठा तोडायला हवा होता. स्वस्तातल्या पॅकमध्ये ते सर्किट नावालाच असतं.

पॅक बाहेर नेऊन वाळूच्या बादलीत ठेवला आणि सरांना लांब उभं केलं. पाच-सात मिनिटं काहीच नाही. "उगाच घाबरवतोस," सर म्हणाले. तेवढ्यात फुस्स आवाज, पांढरा धूर आणि पाठोपाठ जाळ. शेजारच्या चहावाल्याने आग विझवायचा सिलिंडर आणून पावडर मारली. जाळ बसला, मिनिटभरात पुन्हा उठला. मी पाण्याच्या बादल्या ओतायला लागलो तसा तो ओरडला, "अहो, करंट!" करंट कसला, प्लगशी संबंधच उरला नव्हता. एक सेल तापला की शेजारचा तापवतो. गार केल्याशिवाय ते थांबत नाही. चार बादल्या लागल्या.

"घरी कुठे ठेवलं होतंत?"

"दिवाणावर. गादीवर." सर जरा थांबले. "फरशीवर आपटू नये म्हणून."

डबा तसाच राहिला. काळा पडलेला पॅक मी पाण्यात बुडवून मागच्या अंगणात ठेवला. घंटागाडीत टाकला असता तर कचऱ्यासकट पेटायची भीती.

दुसऱ्या दिवशी सर परत आले. पिशवीत अकरा अ‍ॅडाप्टर, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, त्यावर फळ्यावरच्यासारखं टपोरं अक्षर: फिल्टर, २४. ट्रिमर, ५. राउटर, १२. एकाची चिठ्ठी कोरी होती.

"हा कशाचा, सर?"

"तेच विचारायला आलोय."