आगीतून वाचलेली येझदी

यावलच्या आमच्या खळ्यात रचलेल्या कापसाच्या पऱ्हाटीने पेट घेतला आणि शेजारी उभी असलेली वडिलांची १९८४ ची येझदी रोडकिंग मोटरसायकल होरपळली. सीट, वायरिंग, टाकीचा रंग सारे गेले. ते नव्याने करता येते. धाकधूक इंजिनाची होती. अ‍ॅल्युमिनिअम ६६० अंशांना वितळते, पण त्याच्या कितीतरी आधी क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, रबरी ऑइल सील कडक होऊन तडकतात, आणि पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनात तिथून हवा शिरली की मिश्रणातले पेट्रोल आणि ऑइल कमी पडून पिस्टन जाम होतो. म्हणून किक मारून पाहण्याचा मोह मी आवरला आणि जळगावच्या मिस्त्रींकडून आधी इंजिन पूर्ण उघडून घेतले. आगीने ताव, म्हणजे लवचिकपणा, गेलेल्या स्प्रिंगा बदलाव्याच लागल्या. येझदीत किक आणि गिअर दोन्हींसाठी असणारा तो एकच दांडा मात्र काजळी पुसताच जसाच्या तसा निघाला. वडिलांच्या पायाने पडलेली झीज त्यावर अजून बोटाला लागते.