छेद म्हणजे भोक नव्हे

गेल्या वर्षी आईच्या पित्ताशयातील खडे वाढल्यामुळे पित्ताशयच काढून टाकण्याचे ठरले, तेव्हा शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी संमतिपत्र समोर आले. त्यात 'पोटावर चार छेद घेण्यात येतील' असे वाक्य होते. आईने चष्मा वर करून विचारले, "छेद म्हणजे भोकंच ना रे? चार भोकं पाडणार?" मी 'नाही' म्हणालो खरा, पण मग नेमके काय, हे मलाही नीट सांगता आले नाही. थोड्या वेळाने आलेल्या डॉक्टरांनी "काकू, बारीक कट घेणार आहोत, पाच ते दहा मिलिमीटरचे" असे सांगून विषय मिटवला. माझ्या डोक्यातून मात्र तो शब्द गेला नाही.

आपण 'छेद' हा शब्द फार ठिकाणी वापरतो. अपूर्णांकात तो अंशाच्या खाली बसतो, वर्तुळाला छेदणाऱ्या रेषेला छेदिका म्हणतात, आणि वर्तमानपत्रांत तर रोज कोणीतरी कुठल्यातरी परंपरेला 'छेद देत' असते. शिवाय छिद्राशी असलेले ध्वनिसाम्य आणि हिंदीत भोकालाही छेदच म्हणण्याची रीत यांमुळे आईचा गैरसमज अगदीच निराधार नव्हता. संस्कृतातील 'छिद्' या धातूचा अर्थ मात्र कापणे, तोडणे असा आहे. शवविच्छेदनातला आणि परिच्छेदातला छेद तोच.

शस्त्रकर्मापुरते बोलायचे तर सुश्रुतसंहिता या आयुर्वेदातील प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थान या पहिल्या भागात आठ शस्त्रकर्मे सांगितली आहेत: छेद्य, भेद्य, लेख्य, वेध्य, एष्य, आहार्य, विस्राव्य आणि सीव्य. यांपैकी छेदन म्हणजे शरीराचा एखादा भाग कापून वेगळा करणे आणि भेदन म्हणजे चीर देऊन आतील पोकळी उघडी करणे. शिष्याने सराव कशावर करावा हे पाहिले की हा फरक मनावर ठसतो. छेदनासाठी कोहळा, दुधी भोपळा, कलिंगड, काकडी अशी फळे सांगितली आहेत, कारण त्यांचा तुकडा कापून निराळा काढता येतो. भेदनासाठी मात्र पाण्याने आणि चिखलाने भरलेली कातडी पिशवी किंवा मूत्राशय घ्यायचे, म्हणजे वरचे आवरण चिरताना हाताला अंदाज येतो. (शिवण्याच्या सरावासाठी जाड कापड आणि मऊ कातडे आहे, म्हणजे सुरुवात शिंप्यासारखीच.)

या हिशेबाने आपण आज ज्याला छेद म्हणतो ते खरे तर भेदन ठरते. पण हा निवाडा एवढा सरळ नाही, कारण त्याच ग्रंथात कापाच्या रेषेला, तिच्या आकाराला, 'छेद' असेही म्हटले आहे. भुवई, गाल, कपाळ, पापणी, ओठ, काख, जांघ इत्यादी ठिकाणी तिरपा छेद घ्यावा, हातापायांवर चंद्रमंडलासारखा गोल आणि गुदाजवळ अर्धचंद्राकृती. तसे न केल्यास शिरा आणि स्नायू तुटतात, वेदना फार होतात, जखम भरायला वेळ लागतो आणि मांसाची गाठ उठते, असे तेथे बजावले आहे. त्वचा कोणत्या दिशेने ताणलेली असते हे दाखवणाऱ्या रेषा पुढे 1861 मध्ये व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ कार्ल लँगर यांनी मांडल्या. शल्यचिकित्सक आजही शक्य तेथे त्वचेच्या रेषांना धरूनच काप घेतात.

ग्रीकमधून आलेल्या वैद्यकीय नावांतही हीच जोडी दडलेली आहे. नुसते 'टॉमी' म्हणजे कापणे, आणि त्याच्या आधी 'बाहेर' या अर्थाचा 'एक' लागला की 'एक्टॉमी', म्हणजे कापून काढून टाकणे. आईच्या शस्त्रक्रियेचे नाव होते कोलेसिस्टेक्टॉमी: पित्त, पिशवी, बाहेर, काप. म्हणजे पोटाच्या भिंतीवर चार ठिकाणी भेदन आणि पित्ताशयाचे छेदन. संमतिपत्राने मात्र छेद हा शब्द नेमका पोटावर खर्च केला होता.

माझ्या मते अशा कागदावर 'चीर' हा शब्द अधिक बरा. कैरीपासून गळवापर्यंत सगळ्या घरांत तो वापरात आहे, तो ऐकून भोक डोळ्यांपुढे येत नाही, आणि उभी की आडवी हेही त्याच्यासोबत सहज सांगता येते. 'कट' चालेल, पण तो लिहायला फार कोरडा वाटतो. आईपुढे हे सारे मांडून पाहिले. तिने शांतपणे ऐकून घेतले, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मात्र ती अजूनही एवढेच सांगते, "दुर्बिणीने काढलं."