मधात चढणारी माणसं

आम्हा विदर्भवाल्यांच्या नशिबी रिकामा डबा नाही. म्हणजे मुंबईचं म्हणाल तर विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते, तिच्यात आपण आरामात चढतो, बॅगा सीटखाली सरकवतो, साखळी लावतो, मंग खाली उतरून चहाही पिऊन येतो. पण खरा लांबचा प्रवास, दोन-दोन रात्री काढायचा, दिल्लीच्या पलीकडे नाहीतर खाली केरळ-तामिळनाडूत, तिथं आपण नेहमी मधातच चढणार. देश एवढा लांबरुंद अन् आपण त्याच्या मधोमध, करता काय.

हिमसागर एक्सप्रेस घ्या. कन्याकुमारीहून निघते ती वैष्णोदेवीच्या कटऱ्यापर्यंत, आठवड्यातून एकदाच, पावणेचार हजार किलोमीटरच्या जवळपास, जवळजवळ तीन दिवस. ती नागपूरला येईस्तोवर आतल्या लोकांचा संसार थाटून झालेला असतो. खिडकीच्या गजाला टॉवेल वाळत घातलाय, चपलांच्या जागा ठरल्यात, चार्जिंगचा एकच पॉइंट चालू आहे तर त्याची पाळी लागलीय, कोणाच्या पोराला काय खाल्लं की उलटी होते हेही सगळ्यांना माहीत झालंय. आणि त्यात आपण अपरात्री पिशव्या घेऊन घुसतो, लोकांच्या तोंडावर मोबाईलचा टॉर्च मारत बर्थ नंबर शोधतो. त्या वेळी आपल्याइतका नकोसा माणूस अख्ख्या गाडीत दुसरा नसते.

तिकिटापासूनच हे सुरू होते म्हणा. गाडी जिथून सुटते तिथल्या लोकांचं जनरल वेटिंग, ते भराभर सरकते, आणि मधल्या स्टेशनवाल्यांचं आरएलडब्ल्यूएल, रिमोट लोकेशनवालं, कोटा लहान अन् सरकायला महाकंजूष. देशाचा मध्य मानतात तो झिरो माईलचा दगड नागपुरात अन् रिमोट आम्हीच! भाड्याचंही तसंच, जितकं लांब जाल तितका दर किलोमीटरला पैसा कमी पडतो, म्हणजे अर्ध्या वाटेतून चढणाऱ्याला अर्ध्याहून जास्तच मोजावे लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून बुकिंग १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, त्यावर लोक खूप बोलले, पण आमच्याकडं सोयाबीन घरी आल्याशिवाय कोणी कुठं जायचं नाव काढत नाही, त्यामुळे साठ काय अन् एकशेवीस काय, शेवटी सकाळी अकराला तत्कालच्या खिडकीशीच मारामारी.

वैष्णोदेवीला गेलो तेव्हा काकूला लोअर बर्थ मिळाला होता. पहाटे तीनच्या सुमारास नागपूरला चढलो, गाडी दक्षिणेकडूनच आलेली, पाहतो तर काकूच्या बर्थवर एक बाई गाढ झोपलेली आणि समोरासमोरच्या वरच्या बर्थांच्या साखळ्यांना साडी बांधून झोळी केलेली, झोळीत पोरगं. जांभळी साडी, काठाशी पक्की दुहेरी गाठ, आणि गाडीच्या झोक्यानं झोळी आपोआप हलून राहिली होती. मी त्या बाईला उठवायला गेलो तर काकूनं हात धरला. "राहू दे रे, तिले उठवशीन तं पोरगं जागं होईन." मिडल बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडा ठेवायचा नियम, त्याच्याखाली मोठ्या माणसाला सरळ बसता येत नाही, तरी काकू पायथ्याशी मान वाकवून बसली आणि उजाडेपर्यंत एका हातानं झोळीला झोका देत राहिली. सकाळी ती बाई उठली, ओशाळली, तमिळमध्ये बरंच काही बोलली, काकूनं वऱ्हाडीत तितकंच लांब उत्तर दिलं. दोघींचं जमलं. त्यांच्या उरलेल्या इडल्यांवर आमची जवसाची चटणी पडली, अन् खरं सांगतो, लय भारी लागते ती.

स्लीपरच्या बर्थवर आडवं झालं की मला मधू दंडवते आठवतात. हसू नका. राजापूरचे खासदार, १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री होते, त्याआधी सेकंड क्लासच्या स्लीपरला नुसतं लाकूड असायचं, त्यांनी त्यावर दोन इंच फोम घालायला लावला. आमचे आजोबा लाकडावर झोपून रामेश्वरला जाऊन आले होते, रामेश्वराचं वर्णन कमी अन् पाठीचंच जास्त सांगायचे. वंदे भारत वगैरे ठीक आहे, पण माझ्या हिशेबात गरीब माणसासाठी रेल्वेनं केलेलं सगळ्यात मोठं काम ते दोन इंच. आता नवीन एलएचबी डब्यात ७२ च्या जागी ८० बर्थ आलेत, म्हणजे सरळ एक कूपा वाढला, आठ माणसं जास्त, संडास मात्र तेवढेच.

काटोल-नरखेडचे संत्र्याचे बगीचे अंधारातच गेले. पांढुर्णा म्हणजे मध्य प्रदेश, पण तिथंही मराठी बोलतात आणि पाटी देवनागरीच, त्यामुळे हद्द ओलांडली हे कळतच नाही, दक्षिणेकडं जाताना मात्र बल्लारशाहनंतर वर्धा नदी ओलांडली की थोड्या वेळानं पाटीवर तेलुगू दिसायला लागते अन् आपण निघालो बाप्पा असं वाटते. मुलताईला काकूनं खिडकीतूनच हात जोडले, तापी निघते ना तिथून. बैतूलच्या पुढं धाराखोहचा घाट आहे, जाताना उतार, येताना चढ, चढाला मागून बँकर इंजिन लावतात ढकलायला. परतताना मी दारात उभा राहून ते पाहायचा प्रयत्न केला, वळणावर दिसलं एकदाचं, पुढचं ओढतंय अन् मागचं रेटतंय, मधात आपण.

खरी गंमत भोपाळला झाली. एक कॉलेजातला पोट्टा चढला, पाठीवर सॅक, हातात कूलरवर भरून आणलेली पाण्याची बाटली, बिचारा अदबीनं म्हणाला, आंटी थोडा सरकना. त्याच्याकडं आरएसी होतं, साइड लोअर अर्धा त्याचाच, आणि त्यावर आमच्या पिशव्या होत्या. काकूनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणाली, "भैया, हम लोग लय दूर से आ रहे है." नागपूरपासून! कन्याकुमारीवाली बाई शेजारीच होती, तिनं काही समजून न समजून जोरात मान हलवली. पिशव्या मी हलवल्या, पण काकूचा राग झाशीपर्यंत टिकला. "कुठूनबी चढतात, काई रीत हाय का."

दक्षिणेकडून येतानाची तऱ्हा तर अजून न्यारी. आमचं गाव वरोरा आणि हिंगणघाटच्या मधात, रुळाला लागूनच शेत, गाडी बल्लारशाह सोडते, सुसाट आमच्या गावातून जाते, घराचे टिनपत्रे दिसतात, आंगणातली बाज दिसते, आणि आपण हात हलवत पुढं निघून जातो. मंग सेवाग्राम नाहीतर नागपूरला उतरा अन् एसटी धरून तेवढंच अंतर उलटं या. काका तिरुपतीहून येत होते तेव्हा त्यांनी बल्लारशाहून फोन केला, म्हणे फाटकाजवळ कोणी उभे राहा, लाडवांची पिशवी दारातून फेकतो, तेवढंच वजन कमी. बाबा चिडले, प्रसाद कोणी फेकते का. आईनं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, "भाऊजी, लाडू राहू द्या, मळक्या कपड्यांची पिशवी फेका. तुम्ही येईस्तोवर धुऊन वाळूनबी जातीन."